फियाटचे दोष

काल मी विकायला काढलेली माझी जुनी गाडी तपासायला एक तरुण आला. त्याने बॉनेट उघडलं, तापलेल्या ऑइलचा वास नाकात शिरला आणि मी थेट सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिथे बाबांची क्रीम रंगाची फियाट होती, सकाळीच धुतलेली. लोणी काळभोरचे एक फूलशेतीवाले ती बघायला आले होते. बाबा बॉनेटवर हात ठेवून एकेक दोष सांगत होते. "दुसरा गिअर अडतो. थंडीत चोक ओढूनही पटकन सुरू होत नाही. पावसात डाव्या दारातून पाणी येतं, पाय भिजतात."

आई दारातून म्हणाली, "अहो, गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?"

पाहुणे मात्र खूश झाले. "एवढं खरं कोण सांगतंय, साहेब? गाडी चांगलीच आसणार. ठरलं!" त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि चाकापुढे फोडला. मला बाबांच्या खरेपणाचा केवढा अभिमान वाटला! खोबऱ्याचा तुकडा मात्र बाबांच्या हातात तसाच राहिला होता.

"मॅडम, गाडीत काही प्रॉब्लेम?" तरुणाने विचारलं.

"मागची काच अडकते," मी म्हणाले. "एसीला वास येतो. कात्रजच्या घाटात तर फारच दमते." मी आठवून आठवून सांगत राहिले.

त्याने मोबाईलवर टिपून घेणं थांबवलं. "मॅडम, तुम्हाला नक्की विकायचीये ना?"

बाबांना त्या दिवशी हे कुणी विचारलंच नव्हतं.