कानाची मुलगी

सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर बाईंची शिकवणी होती. परीक्षा जवळ आली की तिथे उजळणीचा एकच गलका उडे. सगळ्यांना एकाच पद्धतीने घोकायला लावणं बाईंना पटत नसे. म्हणून कोण कशाने पटकन शिकतं ते बघून त्यांनी मुलांची वाटणीच करून टाकली होती. डोळ्याची मुलं रंगीत खडूंनी फरशीवर आकृत्या काढत, हाताची मुलं पुठ्ठे कापून अपूर्णांक मांडत, पायाची मुलं जिन्यात येरझाऱ्या घालत पाढे म्हणत. खालून सायकलवाला ओरडे, "बाई, जिना पास झाला, आता त्याला सोडा!"

इस्त्रीवालीची चिमणी कानाची. मैत्रिणीने धडा वाचायचा आणि चिमणीने भिंतीला टेकून ऐकायचा, की झाला तोंडपाठ. बाई तिचं चारचौघांत कौतुक करत. नकाशात मात्र ती दरवेळी माती खाई. सराव परीक्षेत तिने नदीच्या जागी डोंगर भरले, तेव्हा बाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. "फळ्यावर एवढा मोठा नकाशा काढून ठेवलाय. लक्ष कुठे असतं तुझं?"

दुसऱ्या दिवशी बाई तोंड धुवायला आत गेल्या. चिमणीने टेबलावरचा त्यांचा चष्मा नाकावर चढवला आणि कमरेवर हात ठेवून गरजली, "गप्प बसा रे, कावळ्यांनो!" मुलं खो खो हसली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही हसू आवरेना. पण चिमणी चष्म्यातून फळ्याकडे बघतच राहिली होती.

"बाई, नकाशात नावं पण लिहिलीयत?"

"मग काय, मुंग्या सोडल्यात?"

"मला वाटायचं, नावं तुम्ही नुसती तोंडी सांगता."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांना चिमणीची आई आठवली. मागच्या वर्षी ती दारात येऊन म्हणाली होती, "पोर डोळे बारीक करून बघते हो. डॉक्टरांना दाखवू का?" आणि बाईंनी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "डोळ्यांना काही झालेलं नाही. ती कानाची आहे."

शिकवणी लवकर सोडून बाई चिमणीला घेऊन तिच्या घरी गेल्या. आई शर्टाची कॉलर दाबत होती. डोळे तपासायला हवेत म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "बघा, तुमचं लक्ष आहे म्हणून कळलं. आम्हाला कुठलं कळायला!"

तेवढ्यावर निभावलं असतं. बाईंना तसा मोहही झाला. पण चिमणी समोर उभी होती, कालच्या बोलण्याने अजून थोडी बिचकलेली.

"तुम्हाला कळलं होतं," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही विचारायला आला होतात. मीच नको म्हणाले."

आईने इस्त्री उभी केली.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

बाईंची मान वर होईना. "काल हिला बोलले मी. नकाशावरून."

"मग ते तिला सांगा. मला काय सांगता?"

बाई चिमणीकडे वळल्या. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या.

चिमणी गोंधळून आईकडे बघू लागली. आईने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पायात चपला सरकवल्या. "चला. तुम्हीही या, बाई. डॉक्टर विचारतील कधीपासून दिसत नाही, तर तुम्ही सांगा."

बाई मागोमाग निघाल्या.