शाफ्ट बसवणारा गाढव

आमच्या कॅम्प दोन वस्तीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला गाडीपेक्षा गाडीवाल्याचाच राग जास्त यायचा. माझी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप वेग घेतला की आरशांपासून माझ्या दातांपर्यंत सगळं थरथरवायची. बायकोने तर तिच्यात बसणंच सोडलं होतं.

मी तक्रार सांगायला लागलो की तो ओरडायचा, "तुम्ही गप बसा साहेब, गाडीला बोलू द्या!" मग जीपमध्ये मागे, तळाच्या पत्र्याला गाल लावून पालथा पडायचा आणि शिव्या देत मला अंबरनाथ एमआयडीसीपर्यंत जीप पळवायला लावायचा. चाकं बॅलन्स केली, इंजिनखालचे रबर बदलले, थरथर कायम. शेवटी त्याने इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, शाफ्ट, काढून जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चालवली. थरथर गायब!

शाफ्ट हातात धरून तो गरजला, "कोणत्या गाढवाने बसवला हा? दोन तुकड्यांची खुणेला खूण जुळवली नाय!"

"तुम्हीच, दिवाळीआधी."

वाटलं, आता माझ्यावरच ढकलणार. पण त्याने शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली, "अरे इधर आ, गाढव बघायचाय ना? हा बघ, मीच!"

शाफ्ट पुन्हा बसेपर्यंत, माझ्यासाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या त्याने स्वतःला दिल्या. मीही एक सुचवली. ती मात्र त्याला लागली.