कुठे म्हणून विचारू नका

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे, पण नुसती वाचक. खरं सांगायचं तर इथले भुताखेतांचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात त्यांची चिरफाड करायचे — हा माणूस दमलेला असणार, त्या बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलेला असणार, ह्याने तर सरळ थापा मारल्यात. आमच्या ऑफिसच्या दारावर कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती, तेव्हा ती काढून लिंबाचं सरबत करणारी बाई मी. त्यामुळे आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण दुसरीकडे सांगणार कुणाला? घरी ऐकायला कोणी नाही.

मी लालबागला राहते. (हो, गणपती जवळच. नाही, पास मिळत नाही.) वय एक्कावन्न, लग्न केलं नाही, नोकरी लोअर परळला. पूर्वी आमची चाळ होती, आता त्याच जागेवर टॉवर आहे, आमचा सतरावा मजला. बाबा गिरणीत होते, ते जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर आई आणि मी, दोघीच. चाळीत आमचं दार दिवसभर उघडं असायचं आणि दाराला निळा, फुलाफुलांचा पडदा. टॉवरमध्ये सगळे दारं बंदच ठेवतात, त्यामुळे पडद्याला काम राहिलं नाही. आईने त्याची पिशवी शिवली.

ती पिशवी घेऊन आई रोज संध्याकाळी पावणेसहाला बाहेर पडायची. "कोथिंबिरीची जुडी घेवन येतंय" म्हणून जायची ती सव्वासातला उगवायची. मी एकदा चिडून म्हटलं, "एका जुडीला दीड तास? पेरून, उगवून आणतेस का?" तर नुसती हसली. फिरायची ती, दुसरं काही नाही. चिवडा गल्लीतून वास घेत निघायचं, मिरच्या कांडतायत तिथे शिंका येईपर्यंत उभं राहायचं, कुठे मांजर व्यालेली असेल तर पिल्लं बघायची, आणि काळाचौकीवरून परत. दोन्ही हात पाठीमागे बांधून, पिशवी मागे लोंबकळत — शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. चाल अशी की मुंगीने ओव्हरटेक करावं.

निघताना रोज मला विचारायची, "येतंस काय गो? जरा पाय मोकळे करून येवया."

माझं उत्तर ठरलेलं... काम आहे. कधी खरंच असायचं. बरेचदा मी फोन बघत लोळत असायचे.

तिचा एक नियम होता. बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम होत नाही. अगदीच राहवलं नाही तर 'लांब काय?' एवढंच विचारायचं. चुकून कोणी 'कुठे' म्हटलंच, तर ती परत घरात यायची, दाराजवळच्या स्टुलावर बसायची, दोन घोट पाणी प्यायची आणि मग नव्याने निघायची. मी म्हणायचे, "अगं, तुझं काही कामच नसतं, तर बिघडणार काय?" पण नियम म्हणजे नियम.

त्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. व्हिडिओ कॉलवर साहेब माझी खरडपट्टी काढत होते आणि मागे आईची चपला शोधायची खुडबुड चाललेली. मी माइक बंद केला आणि तिच्यावर खेकसले, "कुठे निघालीस आता मध्येच?"

ती थांबली. "भायर पडताना 'खंय' इचारूचा नाय. कितीदा सांगलंय तुका." रागाने नाही म्हणाली. स्टुलावर बसली, पाणी प्यायली. मी परत कॉलवर गेले. अर्ध्या तासाने बघते तर चपला जागेवर आणि ती खिडकीशी बसलेली.

"गेली नाहीस?"

"रवांदे गो आता. उद्या बघूया."

पहाटे ती झोपेतच गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. तसंच असेल. पण तिची शेवटची संध्याकाळ मी एका शब्दाने घरात बसवून ठेवली, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतरचे महिने कसे गेले ते काय सांगू. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून आले की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका सोमवारी वॉचमनला गुड मॉर्निंग म्हणायला गेले तर आवाजच फुटेना, आधी घसा खाकरावा लागला.

शेवटी एका रविवारी पावणेसहाला मीच खाली उतरले, मोकळ्या हातांनी. शंभर पावलं जाईपर्यंत तिघांनी हटकलं — काही हरवलंय का, कोणाला शोधताय, पत्ता सापडत नाहीये का. परत वर आले, आईची पिशवी घेतली आणि पुन्हा उतरले. आता कोणी बघेना सुद्धा! हातात पिशवी असली की बाई कामाला निघालेली असते, नुसतं फिरायला नाही. आई हे मला कधी बोलली नव्हती.

मग दर रविवारी जायला लागले. एकदा फुटपाथवर चाललेला कॅरमचा अख्खा डाव उभ्याने बघितला. एकदा एक म्हातारा पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता, त्याचा 'क्ष' पूर्ण होईपर्यंत थांबले. गंमत वाटायची. जन्म या गल्ल्यांमध्ये गेला, पण मी आपली स्टेशन गाठण्यापुरतीच त्यांच्यातून गेले होते. चाल मात्र अजून तीच होती, आठ वाजून बावीसची गाडी पकडायची असल्यासारखी.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी काळाचौकीला चपलेचा अंगठा तुटला. तिथे कोपऱ्यावर एक काका चपला शिवायला बसतात. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, मग वाकून मागून अजून एक स्टूल काढलं आणि माझ्या शेजारी मांडलं. मी त्यावर पिशवी ठेवली.

काका दाभण थांबवून म्हणाले, "ताई, पिशवी मांडीवर घ्या ना. त्या कधीच्या उभ्या आहेत."

मी मागे बघितलं. उसाच्या रसाची गाडी, पलीकडे पार्क केलेली स्कूटर. माणूस कोणी नाही.

"कोण उभं आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि मान खाली घालून शिवायला लागले. "असू दे," म्हणाले.

म्हटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. तुमचे अनुभव वाचताना मी जे म्हणायचे तेच. पण पिशवी मात्र मी मांडीवर घेतली. का घेतली, माहीत नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला होते. लख्ख उजेड होता, सहा पण वाजले नव्हते. चालणाऱ्यांच्या सिग्नलचे चार सेकंद उरले होते. मी सवयीने धावले आणि पलीकडे पोचले. तेवढ्यात मागून शिट्टी, आणि ट्रॅफिक हवालदाराची आरोळी —

"ओ मॅडम! म्हातारीला मागे टाकून कुठे पळताय?"

मी वळले. मध्ये गाड्या सुटलेल्या. परत सिग्नल पडेपर्यंत उभी राहिले आणि रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले.

"कोण म्हातारी?"

"काय मॅडम, मस्करी करता काय? तुमच्या सोबतची. त्या काय, हात पाठीमागे बांधून चालतात. किती फास्ट चालता तुम्ही, त्यांना जमतंय का? तुम्ही सुटलात आणि त्या इथेच, माझ्या बाजूला राहिल्या."

"आता कुठे आहेत?"

हवालदारांनी इकडेतिकडे बघितलं. "आता तर होत्या... मी तुम्हाला ओरडलो ना, तशा वळल्या आणि आल्या रस्त्याने परत गेल्या. घरी गेल्या असतील, फोन लावा."

त्यांनी मला हाक मारताना 'कुठे' म्हटलं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मी घरी निघाले. धावावंसं वाटत होतं, पण धावले नाही. वर येऊन दार उघडलं. घर मी निघताना होतं तसंच, रिकामं. स्टूल दाराजवळ. मी ग्लासभर पाणी आणून स्टुलावर ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही झालं नाही. पाणी हललं नाही, वारा सुटला नाही, अत्तराबित्तराचा वास आला नाही. मला खूप रडू आलं, एवढं मात्र झालं. आई गेली तेव्हा आलं नव्हतं एवढं.

मग डोळे पुसले, पिशवी उचलली आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, "आई, येतंस काय गो? जरा पाय मोकळे करून येवया." आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते.

लिफ्ट आली. आत वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, मला त्यांचं नावही माहीत नाही. मी लिफ्टचं दार हाताने धरून जरा जास्तच वेळ थांबले. ते वैतागले नाहीत. "या, या," म्हणाले आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकले. एका बाईसाठी एवढं सरकायची गरज नव्हती. पण काही लोक असतात तसे, अघळपघळ सौजन्य दाखवणारे. मी त्यांना काही विचारलं नाही. धीर झाला नाही.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मी दर रविवारी जाते, आता अधूनमधून मधल्या वारीही जाते. अगदी हळू चालते. सिग्नलला अख्खा सिग्नल मिळाल्याशिवाय पाय उचलत नाही. मांजराची पिल्लं बघते. तेव्हापासून मला कोणीही काही बोललेलं नाही. चपलावाले काका दिसले की फक्त मान हलवतात. मला स्वतःला तर कधीच काही दिसलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. सगळ्या जगाला दिसावी आणि पोटच्या पोरीला नाही, हा कुठला न्याय? स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कमेंटमध्ये तुम्ही द्याल. मी दिली असती तसलीच द्याल, आणि माझी काही हरकत नाही.

फक्त एक विनंती आहे. लालबाग-काळाचौकीला कधी संध्याकाळी निळ्या फुलाफुलांची पिशवी घेतलेली बाई रेंगाळताना दिसली, तर 'कुठे' म्हणून विचारू नका. आणि मी एकटीच दिसले, तर तेही मला सांगू नका.