आल्प्सच्या घाटातला मेंढा

आल्प्सच्या घाटात मी भाड्याची लाल स्पोर्ट्स कार पळवत होतो आणि आपल्याकडच्या सवयीने प्रत्येक वळणावर हॉर्न देत होतो. एका वळणावर समोर मेंढा उभा. मेंढा कसला, शिंगं फुटलेला हत्तीच म्हणा! मी थांबून हॉर्न दिला. त्याने मान खाली घातली आणि बॉनेटवर अशी धडक मारली की माझ्या दातांनी जागा बदलल्या.

मी पुन्हा हॉर्न दिला. पुन्हा धडक. दिवा फुटला, पत्रा फाटला, गाडी हातभर मागे सरकली. मागे दरी. चारशे घोड्यांचं इंजिन म्हणे! एका मेंढ्यापुढे सगळे घोडे पागेत जाऊन बसले.

"अहो, हॉर्न थांबवा!" शेजारी बसलेली बायको किंचाळली. "तुम्ही डिवचताय, तो उत्तर देतोय!"

"मग काय, गप्प बसून मरू?"

"बसून तर बघा एकदा!"

आपल्या घाटात हॉर्न म्हणजे 'आलो हं, सांभाळा' एवढाच निरोप. त्याच आवाजात त्या मेंढ्याला रणशिंग ऐकू आलं. नमस्कार करतोय अशा समजुतीत मी आजवर किती जणांशी लढाया पेटवल्या असतील, कोण जाणे.

मी हॉर्नवरचा हात काढला. रक्ताळलेल्या कपाळाने मेंढा जरा वेळ वाट बघत राहिला, मग कड्यावर चढून गेला.

पुढच्या वळणावर हात आपसूक हॉर्नकडे निघाला. बायकोने मनगट असं आवळलं की घाट उतरेपर्यंत बोटं निळी पडली. खालच्या गावातल्या म्हाताऱ्या तिच्या हातातला माझा हात बघून कौतुकाने हसल्या. त्यांना वाटलं, नुकतंच लग्न झालंय.