घरबसला उमेदवार

घरबसल्या निवडणूक हरण्यात माझ्या मामांचा हात धरणारा माणूस साऱ्या काशीत सापडला नसता. मामा रामघाटावरचे तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातले यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच दारी उतरायचे. नव्वदच्या दशकात मी तिथल्या विद्यापीठात नोकरी करत होतो आणि माझ्याकडे नवाकोरा संगणक होता. त्यावर निवडणुकीचा एक खेळ होता. कुठल्याशा परदेशाचा नकाशा; दर आठवड्याला एक राज्य निवडायचं, दौरा काढायचा, भाषण ठोकायचं. उमेदवार दमला तर ‘विश्रांती’. मामा दुपारी जेवून यायचे आणि, वीज असली तर, उमेदवाराला पहिल्या आठवड्यापासूनच विश्रांती द्यायचे.

“मामा, दौरा काढा की!”

“हट्! आपण का दारोदार हिंडायचं? यजमान आपल्याकडे येतात. नाव पाहिजे, बस्स.”

निकालाच्या दिवशी सगळा नकाशा विरोधकाच्या रंगाचा. विरोधकाची निंदा करायचीही सोय होती, पण मामांनी ती कधी वापरली नाही. उलट तो जिंकला की पडद्याकडे हात करून ते “आयुष्मान भव” म्हणत. मोजणीत वीज गेली, तर मात्र फेरमतदान मागत.

खरी पंचाईत अशी, की मामांचे यजमानही आटत चालले होते. गाडी थांबायच्या आत दलाल डब्यात शिरायचे आणि यात्रेकरूंना थेट हॉटेलात न्यायचे. एकदा मामी खेळ बघायला बसल्या. “अहो, निदान खेळात तरी उंबरा ओलांडा,” त्या म्हणाल्या. “रोज खोल्या झाडून ठेवते मी, येतंय का कुणी?”

मामा नकाशाच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या राज्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथं जाऊ. चुपचाप.” शेवटपर्यंत ते तिथंच जात राहिले. बाकी सगळीकडे आपटले, पण तेवढं राज्य आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं उपरणं घेऊन ते स्टेशनला निघाले. सोबतीला मला घेतलं. दलालांच्या आरडाओरड्यात मामा खांबाशी हात मागे बांधून उभे. फलाट रिकामा होत आला, तेव्हा बोचक्यावर टेकलेलं एक म्हातारं जोडपं दिसलं. मामा जवळ गेले आणि एवढंच म्हणाले, “दमलात का?”

“अगंबाई, आपल्याकडचेच की हो!” म्हणत म्हातारी उठलीच.

रिक्षात बसताना मामा माझ्या कानाशी लागले, “एक राज्य आलं रे.”

मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली काशीला उतरलो की दलालांचा गराडा पडतो. मी आधी खांबाकडे बघतो. दमलास का, असं विचारणारं तिथं कुणी नसतं.