नोएडा ते करोल बाग, रोलरवरून

लग्न होऊन पुण्याहून नोएडात आले तेव्हा आमच्या सेक्टरसमोर मोहरीची शेतं होती. बघता बघता तिथे इमारती उठल्या आणि प्रत्येक इमारतीखाली कोऱ्या करकरीत गाड्या लागल्या. परदेशी कंपन्या आल्या होत्या, सतत नवं मॉडेल निघत होतं. मी मात्र फरीदाबादच्या एका छोट्या कारखान्यात विजेवर चालणारी गाडी बनवत होते. नातेवाईक विचारायचे, वायर केवढी लांब लागते गं? मी चिडायचे, म्हणून ते पुन्हा विचारायचे.

गाडी चांगली होती, हे मी आजही भांडून सांगेन. पण ती परीक्षेत नापास होत होती. परीक्षा अशी, की गाडीची चाकं रोलरवर ठेवायची आणि पडद्यावर वेगाची जी रेघ सरकते तिच्याबरहुकूम गाडी जागच्या जागी पळवायची. या रेघेला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. आमची रेघ परदेशातली होती. तिच्यात शेवटी लांबलचक मोकळा रस्ता यायचा आणि आमची बॅटरी तिथेच मान टाकायची. असा रस्ता दिल्लीत कुठे आहे, असं मी सरांना विचारलं. सर म्हणजे कारखान्याचे प्रमुख, मुंबईचे, मोजकं बोलणारे.

"मग दिल्लीची रेघ आणा," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत. नाहीतर विजेच्या गाडीचं हे खातं बंद करावं लागेल."

रीत तशी सोपी होती. रस्त्यावरची कुठलीही गाडी निवडायची, तिच्यामागून तिच्याच वेगाने जायचं, आणि आपल्या गाडीतल्या यंत्रात तो वेग नोंदवायचा. पण कंपनीचा ड्रायव्हर पडला अस्सल दिल्लीकर. तो पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायचा. मी ओरडले की 'सॉरी मैडम' म्हणून मागे यायचा आणि पुढच्या चौकात पुन्हा पुढे. मागे राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दिल्लीऐवजी आमच्या यंत्रात फक्त त्याचा स्वभाव नोंदवला गेला.

शेवटी मीच स्टिअरिंग धरलं. नोएडातूनच एका पांढऱ्या गाडीमागे इमानाने चिकटले. ती शाळेपाशी थांबली, मी थांबले. ती पुलावर रांगली, मी रांगले. करोल बागेत ती एका दुकानासमोर उभी राहिली आणि आतले गृहस्थ उतरून तडक माझ्या खिडकीशी आले. त्यांच्या मुलीच्या शाळेपासून मी त्यांच्या मागावर होते, माणूस संतापणारच. मी काच खाली केली आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि चक्क दुकानात नेऊन चहा पाजला. दुकान मोटारींच्या सुट्या भागांचं, भिंतभर सायलेन्सर आणि रेडिएटर. माग काढत कशाला फिरता, यंत्र माझ्याच गाडीत बसवा, असं त्यांनीच सुचवलं. शेजारच्या दुकानदारांनाही तयार केलं.

सुरुवातीला सगळे यंत्राच्या धाकाने अगदी शहाण्यासारखे चालवत. मग यंत्राचा विसर पडला आणि खरी दिल्ली येऊ लागली. रांगणं, थांबणं, मुसंडी, करकचून ब्रेक. त्यातून मी आमची रेघ विणली.

दिवाळीच्या तोंडावर गाडी रोलरवर चढली. चालवायला तोच ड्रायव्हर. इथे पुढे कोणी नाहीच, अशी त्याची तक्रार होती. रेघ शून्यावर आली की मोटर गप्प राही, विजेचा खर्च जवळजवळ नाहीच. ब्रेक लागला की थोडी वीज परत बॅटरीत जाई. ज्या गर्दीला आम्ही सगळे रोज शिव्या घालत होतो, ती या गाडीला मानवत होती. नोएडा ते करोल बाग, परत नोएडा, पुन्हा करोल बाग, गाडी चालतच राहिली. सर शेवटपर्यंत उभे होते. खातं चालू ठेवू, एवढंच म्हणाले. मी मात्र सगळ्यांसमोर रडले, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

मिठाई घेऊन करोल बागेत गेले. गृहस्थांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"इसमें साइलेंसर लगता है?"

नाही, मी म्हटलं. रेडिएटर? आमच्या गाडीत तोही नव्हता. प्लग, फिल्टर, इंजिन ऑइल, सगळ्यालाच मला मान हलवावी लागली. ज्या माणसाने गाडी वाचवली त्याचंच दुकान मी रिकामं करत होते, आणि हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. मी गडबडून बर्फीचा डबा पुन्हा त्यांच्यापुढे केला.

"हॉर्न तो है ना?"

"है."

"तो फिर ठीक है," त्यांनी दुसरी बर्फी उचलली. "दिल्ली में सबसे ज़्यादा वही ख़राब होता है."