चव्हाट्यावरचं धुणं

धुण्याचं कसं असतं, आज सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलं तरी उद्या सकाळी बादलीत तेवढंच पडलेलं असतं. आमच्या घरच्या धुण्याच्या किश्शांचंही तसंच झालंय. भाऊ संजय आला, चहा झाला की एखादा निघतो. तो संपतोय तोवर दुसरा. परवा माझी सून म्हणाली, "आई, तुमच्याकडे कपडे धुवायचे की ॲक्सिडेंट व्हायचे?"

प्रश्न बरोबर आहे. चिंचवडला आमची बैठी चाळ होती. एका खोलीत आई, आप्पा, संजय आणि मी. आप्पा माणदेशातून कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. चाळीच्या मधोमध एक नळ, भोवती धुण्याचे दगड. घरात इस्त्री नाही, पण आप्पांना कपडे कडक लागायचे. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

*

आई पितळी तांब्यात शेगडीतले निखारे भरायची, सांडशीनं काठाला धरायची आणि बुडानं शर्ट दाबत जायची. घडी अशी बसायची की संजय शाळेत जाईपर्यंत हात वाकवायचा नाही.

एका उन्हाळ्यात माझे चुलते गावाहून आले. आई दारातच बसून संजयचा सदरा करत होती. पाहुणे आले म्हणून ती चहाचं आधण ठेवायला उठली, तांब्या राहिला उंबऱ्याशी. काकांना वाटलं, पाय धुवायला पाणी ठेवलंय. त्यांनी तांब्याला हात घातला मात्र, बोटं पोळली, तांब्या सुटला आणि निखारे पायांभोवती पसरले. नशीब, वहाणा अजून पायातच होत्या. काका धोतर वर धरून अंगणात नाचायला लागले आणि अख्खी चाळ बाहेर आली.

काका बराच वेळ गार पाण्यात हात बुडवून बसले होते. मग शांतपणे म्हणाले, "वहिनी, येऊ नगा म्हणून पत्र धाडलं असतं तरी चाललं असतं."

*

पुढं आप्पांनी जुन्या बाजारातून कोळशाची लोखंडी इस्त्री आणली. ती आमची कमी आणि चाळीची जास्त. शेजारच्या कदमकाकूंच्या विजयाला बघायला पाहुणे यायचे होते, त्या सकाळी काकूंनी ती मागून नेली. निखारे फुलवायला विजयानं फुंकर मारली, ठिणगी उडाली आणि मोतिया रंगाच्या साडीला भोक पडलं. दुसरी नेसण्याजोगी साडी नव्हती. काकू मटकन खालीच बसल्या.

आईनं विजयाला उभं केलं, भोक निऱ्यांच्या आत घेतलं, पिन लावली आणि बजावलं, की बारकी पावलं टाक, ढांग टाकलीस की संपलं.

पोहे झाले. मुलाची आई म्हणाली, पोरी, जरा चालून दाखव. विजया दोन पावलं चालली आणि थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा या मुलीनं काय करावं? सगळ्यांसमोर पिन काढली, निऱ्या उलगडून भोक दाखवलं आणि सांगितलं, की सकाळी इस्त्री करताना साडी जळली म्हणून मी अशी चालतेय, पाय माझे चांगले आहेत. कदमकाकांनी डोळेच मिटून घेतले.

मुलाची आई भोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग काय काळजी न्हाई. आमच्यात इस्त्रीच न्हाई."

लग्न ठरलं. आहेरात विजयाला कुणीही इस्त्री दिली नाही.

*

पांढऱ्या कपड्यांना नीळ देणं हे नाजूक काम. एकदा आई तापानं फणफणली होती म्हणून ते संजयकडे आलं. जेवढी जास्त नीळ तेवढं जास्त पांढरं, असा त्याचा हिशेब. त्यानं अख्खी पुडी बादलीत सोडली, कपडे भिजत घातले आणि क्रिकेट खेळायला गेला.

आप्पांचा शर्ट, पायजमा, टोपी, सगळं दसऱ्यातल्या आभाळासारखं निळंशार. आप्पांनी टोपी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि पायरीवर जाऊन बसले. संजय म्हणतो, त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. बाहेर जायला दुसरे कपडे नव्हते, आप्पा तेच घालून निघाले. पलीकडच्या ओळीतले गायकवाडमामा जयंतीच्या मिरवणुकीची तयारी करत होते. त्यांनी आप्पांना टोपीपासून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "भाऊ, आम्ही फेट्यापुरतंच केलं, तुम्ही तर पार पायजम्यापर्यंत गेलात. आता जेवूनच जायचं."

आप्पा जेवले, मिरवणुकीत चालले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून नीळ मागितली.

*

विजेची इस्त्री आली तेव्हा आई लाकडी पाटावर उभी राहूनच ती चालवायची. आप्पा हसायचे. मी कंपनीत केवढाल्या मशिनी चालवतो, एवढुशा इस्त्रीला काय भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी आंघोळ करून ओल्या पायांनी ते स्वतःच शर्टाला इस्त्री करायला उभे राहिले.

मोठ्ठा आवाज झाला. बघतो तर आप्पा कॉटवर आडवे आणि इस्त्री जमिनीवर. आम्ही दोघं किंचाळलो. आईनं आधी बटण बंद केलं, मग आप्पांच्या छातीवर हात ठेवला, त्यांना हाक मारली, त्यांनी ओ दिली.

आईनं पायानं पाट आप्पांच्या दिशेनं सरकवला आणि चहा टाकायला गेली.

*

आता मी रावेतला मुलाकडे असते. तो चाकणच्या एका कंपनीत आहे. आई संजयकडे असते. मध्यंतरी ती आमच्याकडे राहायला आली होती. वॉशिंग मशीनसमोर स्टूल घेऊन बसायची आणि काचेतून कपडे गरगरताना बघायची. त्याचं तिला काही वाटलं नाही. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा.

गॅलरीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, असा आमच्या सोसायटीचा नियम आहे. हे आईला सांगायचं राहिलं होतं. पहिल्याच सकाळी ती गॅलरीत गेली आणि समोरचा टॉवर खालपासून वरपर्यंत बघत उभी राहिली. साधा टॉवेल कुठं दिसेना. उतरल्या चेहऱ्यानं ती आत आली आणि अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, "एवढी मोठी इमारत, आन् एकबी माणूस राहत न्हाई व्हय?"

*

एक किस्सा मात्र आम्ही चहाबरोबर सांगत नाही. संजयलाही तो माझ्याकडून फार उशिरा कळला.

मी दहावीत होते. आप्पा तेव्हा भोसरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनींवर होते. आमच्या चाळीतून त्या कंपनीत जाणारे ते एकटेच. सकाळी डबा सायकलला अडकवून निघायचे, घरी यायचे तेव्हा खाकी युनिफॉर्म तेलानं माखलेला असायचा.

एक दिवस वर्गातली मैत्रीण म्हणाली, तुझ्या आप्पांच्या कंपनीला टाळं लागलंय ना, माझे काकापण तिथंच आहेत, कधीचे घरी बसलेत. मी हसले. म्हटलं, माझे आप्पा तर आज सकाळीच डबा घेऊन गेले.

ती म्हणाली, "मग जातात कुठं?"

पुढच्या तासाला बाई काय शिकवत होत्या, मला माहीत नाही. मधल्या सुट्टीत पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर आई जमिनीवर बसलेली, पुढ्यात आप्पांचा कालचा युनिफॉर्म पसरलेला. तो कपडा मी कितीदा दोरीवरून काढला होता, पण नीट बघितला तो त्या दिवशी. कॉलर घामानं मळली होती. पाठीला धूळ होती. तेलाचा डाग एकही नव्हता.

आईच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती. ती बोटांवर तेल घ्यायची, पातेल्याच्या बुडाच्या काजळीवर बोटं फिरवायची आणि युनिफॉर्मवर चोळायची. बाह्यांवर. पोटाशी. उजव्या मांडीवर, जिथं आप्पा हात पुसायचे.

आईनं मान वर केली, मला बघितलं, तरी तिचा हात थांबला नाही. मी "आप्पा" एवढंच म्हणू शकले.

तिनं बाटलीला बूच लावलं. म्हणाली, "संजयला बोलू नगंस. आन् आप्पांनाबी न्हाई."

मग कपडे बादलीत टाकून ती नळावर गेली. मी मागोमाग गेले. कदमकाकू आणि आणखी चारपाच बायका धूत बसल्या होत्या. आईनं मधल्या दगडावर युनिफॉर्म पसरला, साबण लावला आणि ब्रशनं घासायला लागली. काळं पाणी सगळ्यांच्या समोरून वाहत गेलं.

कदमकाकू वाकून बघत म्हणाल्या, "केवढं तेल गं बाई हे. ओव्हरटाइम चाललाय वाटतं?"

आईनं शर्ट उलटा केला.

"व्हय," ती म्हणाली, "सध्या लई काम हाय."